चाळीस शब्दांचा कंट्रोलर

ताडकळसच्या स्टँडवर मी बाकावर बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, "नामदेवराव, कंट्रोलर येणार हायेत का न्हाई?"

मी म्हणतो, "लेट हाय."

"सहा महिने झाले की! आता लेट कशाचं, कॅन्सल म्हना."

"कॅन्सल न्हाई. लेट."

लोक हसतात. हसू द्या. कॅन्सल म्हणजे उठून घरी जायचं आणि लेट म्हणजे बसून राहायचं, हा फरक मला ज्यानं शिकवला त्याच्याबद्दलच गाव मला विचारतं, आणि उत्तर मात्र घरूनच ठरवून आणतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहून काढावं. मी चौथी शिकलोय. चौथीत दोनदा बसलो, म्हणजे हिशोबानं पाचवीच झाली. तरी माझं शुद्धलेखन कोणी तपासू नये. तपासलं तर मी मानणार नाही.

त्याचं नाव दिगंबर. शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि पाटी हातानं झाकून लिहायचा. तो मॅट्रिक झाला, एसटीत कंडक्टर लागला, शेवटची काही वर्षं स्टँडवर गाड्यांची ये-जा बघणारा कंट्रोलर होता. रिटायर झाला तरी गावानं त्याला रिटायर केलं नाही. अंगानं उंच आणि वाळलेला, शेवग्याच्या शेंगेसारखा. खाकी सुटली पण शर्टाला दोन खिसे लागायचेच. डाव्या खिशात खडू, उजव्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. तिकिटाच्या मशिनी आल्या तेव्हा सगळ्यांचे चिमटे जमा झाले. यानं साहेबाच्या मागं महिनाभर लागून आपला मागून घेतला.

त्या चिमट्यानं तो दिसेल त्या कागदाला भोक पाडायचा. लग्नाची पत्रिका हातात दिली की आधी टक्, मग वाचायची. माझ्या आधारकार्डाच्या झेरॉक्सलाही एकदा पाडलं. बँकेतला माणूस म्हणाला, "आजोबा, हे भोक कशाचं?" मी म्हटलं, "चेक झालंय ते."

आणि बसमधली घंटी तर त्याच्या अंगात मुरली होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. कोणी चहा ओतायला लागलं की कपावर चिमट्यानं एक टण्. बास. दोन दिले तर आणखी ओता. त्याची बायको, आमच्या सुशीलावहिनी, होत्या तेव्हा म्हणायच्या, "अंतरपाट धरला तवाच ह्यांनी दोन घंट्या दिल्या असत्या, भटजीनं हात धरला म्हणून वाचले!" मी बोलायला लागलो की तो बाकाच्या लोखंडावर एक टोला द्यायचा. मी कधी थांबलो नाही. आमच्या घराण्यात दुसऱ्याच्या घंटीवर थांबायची रीत नाही.

आता त्याच्या इंग्रजीचं.

फार वर्षांपूर्वी जिंतूर रोडला त्याची गाडी बंद पडली. गाडीत एक गोरा साहेब होता, पाठीवर हे एवढं गाठोडं. गाडीत मीही होतो, म्हणून खरं काय ते मला ठाऊक आहे. साहेब घाबराघुबरा होऊन खाली उतरला आणि दिगंबरपुढं घडाघडा बोलू लागला. दिगंबरनं सगळं ऐकून घेतलं. मग टायरकडं बोट केलं आणि म्हणाला, "ब्रेकडाउन." मग म्हणाला, "वेट." मग टपरीकडं बोट करून, "टी?" साहेब म्हणाला, "ओके." झालं. तीन तास दोघं शेजारी बसून चहा पीत होते.

एवढीच गोष्ट. पण दिगंबर सांगायला लागला की दरसाल त्या साहेबाचं बोलणं वाढायचं. मागच्या खेपेला तर साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून भाषणच केलं होतं. मी म्हणायचो, "तो फकस्त ओके म्हणला व्हता." दिगंबर म्हणायचा, "त्याचा अर्थ केवढा मोठा व्हता ते तुला कळायचं न्हाई."

त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की तीन शब्दांत एक साहेब सांभाळता येतो, तर चाळिसांत सगळी दुनिया होईल. प्रवासाला लागतात ते शब्द चाळीसच. बाकीची इंग्रजी शोभेची.

पुढं गावातली लेकरं पुण्याला गेली, बंगळूरला गेली, एकदोन साता समुद्रापलीकडं गेली, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बोलावणी यायला लागली. बोलावणं आलं की माणूस आधी खूश व्हायचा आणि मग प्रश्न मोजायला लागायचा. स्टेशनात कुठं उभं राहायचं? कोणाला काय विचारायचं? अशी माणसं दिगंबरकडं यायची. बाजाराच्या दिवशी दुपारी पूर्ण्याची गाडी गेली आणि परभणीची यायची असली की मधल्या वेळात स्टँडवर वर्ग भरायचा. शेडचा लोखंडी खांब हा फळा. फी एकच होती, गाडीला यष्टी म्हणायचं नाही. "एस. टी. म्हना. दोन अक्षरं हायेत, दोन्हीला इज्जत द्या."

मी शिकायला जात नव्हतो. मला कुठं जायचंच नव्हतं. बाक सरकारी आहे म्हणून बसायचो.

एकदा त्यानं खांबावर लिहिलं, 'गेट ऑन', 'गेट इन'. म्हणाला, "बसला ऑन. मोटारीला इन. उलटं म्हणलं की गावंढळ."

मी विचारलं, "कामून? चढायचं तर दोन्हीतबी हाय."

"तू टपावर बसून आठवडी बाजाराला गेलास का न्हाई?"

"गेलो की."

"मग बसच्या वर चढता येतं. म्हणून ऑन. मोटारीच्या वर कोन बसतंय? आत शिरावं लागतं. म्हणून इन."

सगळ्यांना एकदम पटलं. मलाही पटलं, पण मी कबूल झालो नाही. मी म्हटलं, "आन् बैलगाडी?"

तो थांबला. खडू कानामागं लावला. "पुढं बसला तर ऑन. मागं कडब्यात निजला तर इन."

आता अशी इंग्रजी कोणत्या कॉलेजात शिकवतात?

पण कमळाबाईनं त्याला एकदा पार झोपवला. कमळाबाई म्हणजे आमच्या आळीतली. तोंड असं की कढईतली मोहरीही शांत वाटावी. तिच्या लेकानं तिला विमानानं बोलावलं. दिगंबरनं पंधरा दिवस तिच्याकडून चाळीस शब्द घोटून घेतले. टिकट, गेट, विंडो, लगेज, टॉयलेट, हेल्प. बाई गेली. विमानतळावर एका पोरीनं तिला विचारलं, "बोर्डिंग पास?"

आता आमच्याकडं बोर्डिंग म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. गरिबाची नाहीतर अनाथ पोरं जिथं राहून शिकतात आणि पातळ वरण खातात ते. कमळाबाई तिथल्या तिथं पेटली. "बोर्डिंगात कामून राहू मी? माझा लेक हाय तिथं! तीन खोल्या हायेत त्याला! आन् मी काय पास-नापास व्हायला आले का?"

पोरगी बिचारी म्हणत राहिली, "बोर्डिंग, आंटी, बोर्डिंग." बाई म्हणत राहिली, "न्हाई राहत जा!" शेवटी मागचा कोणी मराठी माणूस पुढं आला म्हणून विमान मिळालं.

महिन्यानं बाई परत आली ती घरी न जाता पिशवीसकट स्टँडवर. "कंट्रोलर! तुमी मला इमानात चढवायलात का अनाथ करायलात?"

दिगंबरनं सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला तो मी जन्मात दोनदाच पाहिला, त्यातली ही पहिली खेप. तसाच उठला आणि खांबावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बोर्डिंग = चढणे. वसतिगृह नव्हे.' आठ दिवस ते कोणाला पुसू दिलं नाही. चाळिसाचे एकेचाळीस झाले. पण त्यानं आकडा बदलला नाही. 'कंडक्टर' हा शब्द काढून टाकला. म्हणाला, "आता तसाबी त्याला कोन इचारतंय."

त्याचा सगळ्यात लाडका शब्द मात्र वेगळाच होता. गावातून कोणीही पिशवी घेऊन निघालं, मग ते परभणीला दवाखान्यात का जाईना, की तो बाकावरून ओरडायचा, "रिटर्न इचारलं का?" परतीची गाडी किती वाजता आहे हे कळल्याशिवाय तो कोणाला चढू द्यायचा नाही. म्हणायचा, "जायचं कसं ते समदेच सांगत्यात. परत यायचं कसं ते आपलं आपण इचारावं लागतं."

मी एकदा चिडवलं, "दुनियेला पाठवतोस, सोता कुटं गेलास? नांदेडच्या पुढं गाव ठाऊक हाय का तुला?"

त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "नामा, कंडक्टर कुटं जात न्हाई. बस जाती. नोकरीभर रोज निघालो आन् रोज हितंच उतरलो. मी जन्मात येकदाबी कुटं गेलो न्हाई. फकस्त परत आलो."

वहिनी गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. एकुलती एक लेक, सुनंदा, कोचीला बँकेत आहे. तिकडं मराठी नाही, हिंदीही अर्धीमुर्धी. मागच्या उन्हाळ्यात दिगंबर न्हाणीत घसरून पडला. मी स्टँडवर वाट बघून बघून घरी गेलो तेव्हा सापडला. दोन तास तसाच पडून होता. मला बघून म्हणाला, "ब्रेकडाउन." मी हसलो नाही.

सुनंदानं मला फोन केला. "काका, तुमी तरी समजावा त्यांना. हितं आमी हाव. तिथं कोन हाय?"

मी म्हटलं, "मी हाय की."

ती हळूच म्हणाली, "काका, तुमचं वय काय?"

पोरगी वाईट नाही. हुशार आहे, एवढंच.

दिगंबरनं गावात सांगितलं, "आठ दिवस जाऊन येतो. नातवाची शाळा बगतो, समुद्र बगतो, रिटर्न." लेकीच्या घरी आठ दिवसांवर राहणारा माणूस तो नव्हेच. कमळाबाईनं त्याची परीक्षा घेतली. भर स्टँडवर विचारलं, "बोर्डिंग पास?" तो म्हणाला, "येस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदानं काढलेलं तिकीट माझ्या मोबाइलवर आलं, कारण त्याच्याकडं बटनाचा फोन. मी झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून आणला. येताना रस्त्यात म्हटलं, बघू तर खरं. मी शिकत नव्हतो, पण कान काही झाकून बसत नव्हतो. एबीसीडी खांबावर रोज दिसायची. एकेक अक्षर लावत गेलो. वर दिगंबरचं नाव होतं. खाली हैदराबाद, मग कोची. आणि मध्ये दोन लहान शब्द. ते परभणीत मला ट्रॅफिक पोलिसानं तोंडी शिकवले होते, मी मोटारसायकल उलटी घातली तेव्हा. वन वे.

कोणाच्या मदतीशिवाय जन्मात वाचलेले हे माझे पहिले दोन इंग्रजी शब्द. परत लावून पाहिले. तेच निघाले.

मी कागद नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, वाचला. चेहरा उतरला, ती दुसरी खेप. मग उजव्या खिशातून चिमटा काढला आणि टक्. भोक बरोबर त्या दोन शब्दांवर.

"चेक झालं," म्हणाला.

जायच्या दिवशी माझ्या पुतण्याची जीप केली. पहाटे निघालो. देगलूर मागं पडलं तरी कोणी त्या विषयाला हात घालत नव्हतं. शेवटी माझ्यानं राहवेना.

"त्यात वन वे लिवलंय."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "टायपिंग मिस्टेक."

"दोन्ही शब्दांत?"

"तुला कवापासून वाचता यायलंय?"

"तूच शिकवलंस."

"तू शिकत नव्हतास."

"तू शिकवतच व्हतास की!"

त्यानं जीपच्या दांड्याला चिमट्यानं एक टोला दिला. मी थांबलो नाही. "साऱ्या गावाला इचारत फिरलास, रिटर्न इचारलं का, रिटर्न इचारलं का. आन् सोता?"

"लेकीला कसं इचारू?" तो म्हणाला. "ती म्हणंल, बाबाला माझं घर गोड लागंना. आन् तू तरी सांग, परत पडलो तर?"

पुतण्यानं गाणी लावली.

हैदराबादचा विमानतळ म्हणजे काय सांगावं. आमच्या स्टँडसारखे हजार स्टँड एकाला एक जोडून वर काचा बसवल्या तर होईल. दारात बंदूकवाला शिपाई. त्यानं तिकीट हातात घेतलं, भोकातून दिगंबरकडं बघितलं आणि विचारलं, "ये क्या है?"

दिगंबर ताठ उभा राहिला. "चेक्ड," म्हणाला.

शिपायाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आत सोडलं. मला सोडलं नाही. मी म्हटलं, हा माझा माणूस आहे. तो म्हणाला, तिकीट. मी म्हटलं, तिकीट मीच आणलंय त्याचं. पण ते चालत नाही. मग मी बाहेरून काचेला नाक लावून उभा राहिलो. पुतण्या म्हणाला, "काका, लोक बगायलेत." मी म्हटलं, "मीबी बगायलोय."

दार उघडझाप व्हायचं तसं आतलं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचं. एक पोरगी निळ्या कपड्यात चाकाची खुर्ची ढकलत आली. हातात कागद, त्यावर दिगंबरचं नाव. सुनंदानं आधीच सांगून ठेवलं होतं. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांना तसंच पाठवतात म्हणे. खुर्चीत बसवलं की कोणाला काही विचारायला नको, सामानासारखं थेट विमानात.

म्हणजे बघा. ज्यानं अख्ख्या ताडकळसला प्रवासाची इंग्रजी शिकवली, त्याला इंग्रजी येत नाही म्हणून खुर्ची!

पोरगी म्हणाली, "सर, प्लीज सीट."

दिगंबरनं खुर्चीकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. मग छातीवर हात ठेवून, गोऱ्या साहेबाला सांगितलं होतं तसं शांतपणे सांगितलं, "नो ब्रेकडाउन."

पोरीला कळेना. "सर?"

"नो ब्रेकडाउन," तो म्हणाला. "रनिंग." आणि दोन पावलं चालून दाखवलं.

पोरगी हसली, पण ऐकेना. तिलाही तिचं काम. ती खुर्ची घेऊन त्याच्या मागंमागं. तेव्हा त्यानं काय केलं, तर आपली पिशवी त्या खुर्चीत ठेवली, बंद नीट सारखे केले, वर छत्री आडवी ठेवली आणि म्हणाला, "लगेज. सीट."

आणि निघाली वरात. पुढं खुर्चीत बसलेली पिशवी, ती ढकलणारी पोरगी, आणि बाजूनं हात मागं बांधून चालणारा आमचा कंट्रोलर, गाडी फलाटाला लावून घ्यावी तसा. मधेच तो पोरीला बोटानं पाट्या दाखवून वाचून दाखवत होता. तिचंही शिक्षण सुरू झालं असणार.

ते वळणार तेवढ्यात मला राहवलं नाही. मी काच बडवली आणि शाळेतल्या नावानं ओरडलो, "डिग्या! रिटर्न?"

काच जाड. दारही मिटलेलं. ऐकू गेलं नसणार. पण ओठ कळले असतील. तो शब्द दुनियेत सगळ्यात जास्त वेळा त्याच्याच तोंडातून गेलाय. तो थांबला. खुर्ची थांबवली. माघारी काचेपाशी आला. आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये काच.

त्यानं उजव्या खिशात हात घातला आणि चिमटा काढला. मी समजलो. गाडी निघताना दोन घंट्या द्यायच्या असतात, ते मला शिकवायला नको. मी मन घट्ट केलं.

त्यानं काचेवर चिमट्याचा टोला दिला. टण्. माझ्या नाकाला कळला.

मी दुसऱ्या टोल्याची वाट पाहत राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चिमटा खिशात टाकला, वरून खिसा चाचपला आणि लगेजच्या मागं निघून गेला.

पुतण्या म्हणाला, "चला काका, गेले ते."

मी म्हटलं, "तुला घंटी कळती का?"

जन्मभर त्याच्या एका टोल्यावर मी कधी थांबलो नाही. आता थांबलोय. गावाला काय म्हणायचं ते म्हणू द्या.